रकाना क्रमांक नऊ

घटनेचे वर्णन. जागा पाच ओळींची, त्याही आखूड.
मी लिहिलं, "शंकरपटाच्या दिवशी
बैलाच्या धक्क्याने कॅमेरा पडला."
दीड ओळ भरली. साडेतीन उरल्या.

पळसपाणीच्या पटाची दान दवानं ओली होती,
शेजारच्या बांध्यांत लाखोरी निळी फुललेली,
आणि मी ट्रायपॉड रोवला होता शेवटच्या झेंडीपासून
जेमतेम पंधरा पावलांवर,
कारण दुरून काढलेल्या फोटोत
बैल धावत नाहीत, नुसते असतात.

डोमाजी गहाण्यांची जोडी सुटली.
कोणी म्हणतं सहा सेकंद, कोणी म्हणतं सात.
डावा, बिजल्या, त्यानं ऐनवेळी मान वळवली
आणि चौकोनात आधी मावत होता तो अख्खा,
मग मावली मान, मग डोळा,
मग काही मावेना.

आवाज एवढासाच. सुपारी फुटावी तसा.
डोमाजी धावत आले, "लागलं तं नाही ना गा?"
मी म्हणालो, नाही, मी बाजूला झालो.
"तुले नाही बापा, बैलाले."

काच कुठं संपते आणि दव कुठं सुरू होतं
ते धसकटांत कळत नव्हतं.
दुपट्ट्यात वेचलं सगळं,
घरी नेलं, छबितासमोर सोडलं.
विम्याचा हप्ता तिनं भरला होता,
साड्यांना फॉल लावून साठवलेल्या पैशांतून.
"पाण्यात घातले," असं मी तेव्हा म्हणालो होतो.
तिनं ते आता काढलं नाही.
नुसती पावती काढली, डाळीच्या डब्याखालून.

नागपूरहून निनावे साहेब आले, दुपारच्या बसनं.
कॅमेऱ्याच्या पोटावरचा नंबर उतरवला,
मग विचारलं, "बैलाचा विमा आहे?"
डोमाजींनी बिजल्याचा कान वाकवून
पिवळा बिल्ला दाखवला.
साहेबांच्या वहीत दोन्ही नंबर एकाखाली एक,
वरवर पाहणाऱ्याला वाटावं, भाऊ आहेत.

"मोडलेल्या वस्तूचे सहा फोटो लागतील,
सगळ्या बाजूंनी, स्पष्ट."

आता कशानं काढू?
डोमाजींच्या नातवानं मोबाईल दिला,
त्याच्याही काचेला तडा.
अंगणात पाट मांडला, त्यावर ठेवला कॅमेरा,
आणि तोंडातून आपोआप गेलं,
"जरा उजेडाकडे घ्या."
तिरडीवर न्यायच्या आधी
खुर्चीत बसवलेल्या म्हाताऱ्यांचे
शेवटचे फोटो काढताना
बावीस वर्षं हेच म्हणत आलो.
छबितानं पाट उजेडाकडे घेतला.

साहेबांनी घसारा काढला.
दरसाल इतके टक्के, अशी पाच सालं.
चौसष्ट हजारांचे एकोणतीस हजार सहाशे.
"आणि हे," पेनाच्या टोकानं दाखवत म्हणाले,
"उरलेल्या ओळींवर रेघ मारा.
मोकळी जागा सोडायची नसते."
मारली. थोडी तिरपी गेली.

कार्ड मात्र वाचलं होतं.
शेवटच्या फोटोत डोळा आहे, बाकी धूसर.
काळ्याभोर बुबुळात झेंडी, आभाळाचा तुकडा,
ट्रायपॉडचे तीन पाय
आणि त्यामागं वाकलेला कोणी, मुगाएवढा.
एक प्रत कंपनीला, पुरावा म्हणून.
एक डोमाजींना हवी होती, गोठ्यात लावायला.

"केवढी पायजे?"
"डोरा हाये तेवढीच काढजो.
मोठी केली तं भेव लागल लेकरायले."

छबिताची टेप घेऊन गेलो गोठ्यात.
बिजल्या कडबा चघळत होता.
टेप जवळ नेली तसा चघळायचा थांबला
आणि उभा राहिला, अगदी स्थिर,
सांगूनही कुठला नवरदेव
उभा राहत नाही तसा.