पहिल्या सेकंदातली हवा

माझं काम श्वास मोजायचं.
कंपूतलं इस्पितळ, तळमजला, खोली अकरा.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी,
आणि मी ओरडते: फुंका, जोरात, अजून, अजून,
थांबू नका, अजून, बस.
पडद्यावर एक डोंगर चढतो आणि उतरतो.
ज्याचा डोंगर बसका, त्याची फाइल जाड.

बशारत मियाँचा डोंगर उठलाच नाही.
तीनदा फुंकवलं. तिन्ही वेळा
नळीत हवा अशी सोडली
जशी आत कुणी झोपलंय.
मी चिडले: चाचा, पूरा दम लगाइए.
तर म्हणाले, पूरा दम लगाऊँ तो माल फट जाता है, बेटा.
चव्वेचाळीस वर्षांची सवय.
चौथ्यांदा खरंच फुंकले
आणि बाकावर बसून बराच वेळ खोकले.
जाताना म्हणाले, कभी आके देखिए.

म्हणून आज हजिऱ्याला टेम्पोतून उतरले.
बंद गिरणीची भिंत धरून गेले,
पर्समध्ये त्यांचा रिपोर्ट,
डॉक्टर शिरढोणकरांची सही असलेला.
टपालानं गेला असता. मीच म्हटलं, देते.

पत्र्याची शेड. दारात फुटक्या काचेचा ढीग:
औषधाच्या बाटल्या, बांगड्या,
कुणाच्या दिवाणखान्यातलं अर्धं झुंबर.
आत भट्टी. तिच्याकडे बघवत नाही,
पाठ करायचंही धाडस होत नाही.
पुतण्या, नौशाद, नळीच्या टोकावर गोळा उचलतो.
मधासारखा, असं लिहिणार होते,
पण मधाला कुठं पळून जायचं नसतं.
हा खाली ओघळू बघतो,
म्हणून नळी फिरती ठेवायची,
बोलताना, हसताना, माझ्याशी ओळख करून घेतानासुद्धा.

बशारत मियाँ स्टुलावर.
हातात ओल्या वर्तमानपत्राची घडी,
तिच्यावर तो लाल गोळा ते तान्ह्यासारखा पेलतात.
वाफ. कडेनं काळा पडत चाललेला
कुठल्याशा निवडणुकीचा निकाल.

मग फुंक.
मला ऐकूही आली नाही.
बशीतल्या चहावर घालतो, तेवढीच,
आणि गोळ्याच्या पोटात जागा झाली.
ओळखली मी ती हवा.
माझ्या यंत्रानं तीनदा नापास केलेली.

मोठे नग आता नौशाद फुंकतो.
अत्तरदाण्यांच्या माना अजून त्यांच्याकडे.

लीजिए, आप भी.
एकोणीस वर्षं लोकांना फुंकवते आहे,
स्वतः कधी फुंकले नव्हते.
नळी जड होती. ओठांना लोखंडाची चव.
आणि सवय ती सवय: जोरात, अजून, अजून.
फुगा एका अंगानं सुटला, पातळ झाला,
फट्.
काचेच्या पापुद्र्यांचे तुकडे हवेत तरंगत राहिले,
लसूण सोलल्यावर पंख्याखाली उडतात तसे.
नौशाद खो खो हसला. केरसुणीनं
माझा श्वास गोळा करून ढिगावर टाकला.
कल फिर पिघल जाएगी, म्हणाला,
काच के यहाँ कोई बुरा नहीं मानता.

तयार अत्तरदाणी निवायच्या भट्टीत गेली.
रात्रभर हळूहळू थंड होणार, हात उद्याच लावायचा.
घाई केली तर आठवड्यानंही तडकते,
कपाटात, कुणी शिवलेलं नसताना.

तेव्हा कुठे रिपोर्ट काढला.
वाचून दाखवा, म्हणाले.
पहिल्या सेकंदातली हवा: एकावन्न टक्के.
और दूसरे सेकंड में?
मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.
आम्ही पहिल्यावरच ठरवतो, चाचा.
मान हलवली. कागद चिमटीत चोळून बघितला:
चिकना है, भीगेगा नहीं.

खाली छापील ओळ होती, ती वाचणं भाग होतं:
भट्टी आणि धुळीपासून दूर राहावे.
कितनी दूर?

मी काही बोलले नाही.
ते उठले, भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि स्टूल
वीतभर मागे सरकवून
पुन्हा बसले.