पदरमोड

नोव्हेंबरच्या पगारासोबत तो लिफाफा येतो,
निळा, गुळगुळीत.
आतल्या फोटोत चार विद्यार्थी हसतायत
आणि एकाचेही केस उडत नाहीत,
म्हणजे फोटो सेंट जॉन्समधला नव्हे.
वर लिहिलंय : आपल्या कुटुंबाला हातभार लावा.
खाली चौकोन. पाच, वीस, पन्नास डॉलर,
दर पंधरवड्याला, पगारातूनच,
तुम्हाला जाणवणारही नाही.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र, साध्या कागदावर :
पगारवाढ यंदाही नाही,
झेरॉक्स माणशी दोनशे पानं.

मी पाचवर खूण केली होती, कधीतरी.
कुणी विचारलं तर हो म्हणता यावं, एवढ्यासाठी.
खरंच जाणवत नाही.
न जाणवणाऱ्याला दान म्हणावं का,
हे मी नीतिशास्त्र शिकवत असूनही
स्वतःला विचारलेलं नाही.

शेजारच्या खोलीत लिओना फ्यूअर. शंखशिंपले, बत्तीस वर्षं.
तिनं कधी खूण केली नाही,
म्हणून तिला फोन येतो.
भिंत पातळ, तिचे हात ओले, फोन स्पीकरवर :

"नमस्कार, मी डेल्फिन, देणगी विभागातून..."
"डेल्फिन बेनॉइट? मंगळवारच्या प्रॅक्टिकलची?"
पलीकडे कागदांची चाळवाचाळव.
याचं उत्तर कागदावर नसावं.
"तासाला किती देतात गं?"
"सोळा."
"आणि फी कितीनं वाढली?"
बराच वेळ नुसती खरखर.
मग, हळूच : "प्रोफेसर, हे रेकॉर्ड होतं."

जेवताना गार्लंड नोझवर्दी तावातावानं बोलला.
त्याच्या भाषेत लष्कर नाही, भाकऱ्या नाहीत,
पण घरचं खाऊन त्या कुणी भाजाव्यात
असंच काहीसं त्याला म्हणायचं होतं.
डीन म्हणाले, बाहेरचे मोठे दाते आधी हेच विचारतात,
तुमच्यातले शेकडा किती देतात?
म्हणजे माझे पाच डॉलर हे गळाला लावलेलं गांडूळ.
बंदरावरच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही.
सगळे सूपमध्ये बघत राहिले.

लिओना म्हणाली, माझा बाप मासळीच्या कारखान्यात होता.
कारखान्याला त्यानं एक सेंट दिला नाही,
कुणी मागितलाही नाही.
सुरी मात्र स्वतःची न्यायचा,
रात्री स्वयंपाकघरात धार लावून.
कारखान्याची सुरी मासा कापायची नाही,
फाडायची.

मग, काय मनात आलं कोण जाणे,
त्या वर्षी तिनं फॉर्म भरला.
रक्कम : अठरा डॉलर, एकदाच.
हेतू : कपाट क्रमांक नऊसाठी कुलूप.
उत्तर सभ्य होतं.
हेतू सांगून द्यायच्या देणग्या
दहा हजारांपासून स्वीकारल्या जातात.

शनिवारी तिनं कुलूप आणलं.
किल्ली माझ्याकडे ठेवायला दिली,
मी तसा विसरभोळा नाही म्हणून.

ती महिनाभर किनाऱ्यावर असताना
कुणालातरी एक शिंपला हवा होता, मी कपाट उघडलं.
प्रत्येक शिंपल्याखाली तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी,
लॅटिन नाव, खाडी, तारीख, पाण्याची खोली.
कागद जरा पातळ वाटला, म्हणून उलटून पाहिला.
बिल होतं. ट्यूबलाइट, दोन.
दुसरी उलटली : व्हॅनचं पेट्रोल, सहलीच्या तारखेचं.
काचेच्या बाटल्या, झाकणांसकट, सहा डझन.
कुठलंच बिल ऑफिसात गेलं नव्हतं,
आणि तिला कागद तर वाया घालवायचा नव्हता.

खालच्या खणात एकच मोठा शंख.
चिठ्ठीमागे : रबरी बूट, सात नंबर, एक जोडी.
लिओनाचा पाय नऊ नंबरचा आहे.
बूट कुणाचे, ते कुठंच लिहिलेलं नाही.

चिठ्ठी होती तशी ठेवली, वर शंख ठेवला.
कुलूप जरा जड लागतं. दाबावं लागतं.