पाणीपट्टी

नोकरीचा तिसरा दिवस.
पिशवीत पाणीपट्टीची चारशे बारा बिलं,
हातात महापालिकेचा नकाशा,
आणि नकाशातली एक गल्ली सापडेल तर शपथ.

प्रभाग, उपविभाग, गट क्रमांक वाचून दाखवला
तर टपरीवरचा शिकलगार हसला.
'असलं काय इथं चालत न्हाई, मॅडम.
माणूस चाळिसातलं हाय का पंचेचाळिसातलं,
तेवढं सांगा. घरापर्यंत सोडतो.'

मला वाटलं, घर नंबर.
फूट निघाले.
आयर्विन पुलाखाली आकडा चाळीस झाला
की ज्यांची चूल उचलते, ते चाळिसातले.
त्यांच्या ट्रंका कायम कॉटवर असतात,
आणि जुलैत ते कुणाला जेवायला बोलवत नाहीत.
पंचेचाळिसातले चाळिसातल्यांकडं बघून
गाडी चढावर नेऊन लावतात.
पन्नासातले फक्त बातम्या बघतात.
त्यापुढं विश्रामबागेकडं सगळं कोरडं.
तिकडचे लोक 'आम्ही कोरड्यातले' असं म्हणतात
गोत्र सांगावं तसं.

मध्ये एका साली कोरड्यातलेही पुष्कळ भिजले.
शेडबाळेबाई अजून सांगतात,
'आमच्याकडंपण आलं होतं हो, फ्रीजपर्यंत.'
चाळिसातले ऐकून घेतात.
एकदाच आलं त्याला काय आलं म्हणायचं!

आदगोंडा चौगुलेंच्या घरात तर
हद्द जिन्यातच आहे, सहाव्या पायरीवर.
खालचा भाऊ पन्नासातला, वरचा कोरडा.
दोन मीटर, दोन बिलं, बोलणं बंद.
पाणी चढलं तेव्हा सहा दिवस
वरच्या गॅसवर एकच पातेलं होतं म्हणे.
सातव्या दिवशी पाणी ओसरलं,
आणि सहावी पायरी परत दिसायला लागली.

मी नकाशावर पेन्सिलनं आकडे टाकत गेले.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, पत्ते.
त्यांनी चष्मा काढला,
हरिपूर रस्त्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं,
'इथं त्रेचाळीस कर. माझी सासुरवाडी आहे.'

सगळी बिलं वाटून झाली शुक्रवारी.
खोलीवर आले. अंधार होता.
भाडं ठरवताना मी
नळाचं विचारलं, उन्हाचं विचारलं,
मालकीणबाईंनी नवा रंग दाखवला, आकाशी,
छान वाटला.

दिव्याचं बटण चाचपडताना
पहिल्यांदाच लक्षात आलं,
या खोलीतली सगळी बटणं
माझ्या डोक्याच्या वर आहेत.

टाचा उंचावून दिवा लावला.
मग पिशवी जमिनीवर ठेवता ठेवता
कॉटवर ठेवली.