शहाण्णव टक्के

बाळगोंडा चौगुल्यांचा फोन आला,
"यास्मिन, कॉम्प्युटर नुसता धापा टाकायलाय.
बिल उघडस्तोवर चहा पिऊन हुतोय."
मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, धूळ झाडायचा ब्रश,
आणि उद्यमनगरात शिरले.

शेजारी पॉवरप्रेस ठोकत होता, समोर भट्टीचा ब्लोअर,
तरी ऑफिसात ऐकू येत होता तो एकटा पंखा,
काडेपेटीत कोंडलेला भुंगा जसा.

टास्क मॅनेजर उघडला.
प्रोसेसर शहाण्णव टक्के.
हिशेबाला दोन. प्रिंटर शून्य.
अँटिव्हायरस एक, तोही झोपेत.
बाकी सगळं चॅटनं खाल्लेलं.
नुसत्या गप्पांचा प्रोग्रॅम, आणि गप्पाही चालू नव्हत्या.
कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं.
मग हा दळतोय काय एवढं?

प्रोग्रॅम काढला, परत घातला.
आवाज बंद केले. स्पेलिंग तपासणारा बंद केला,
मराठीखाली लाल रेघा मारून तोही थकला असणार.
सात वर्षांचा इतिहास वेगळ्या फोल्डरात नेला:
कास्टिंगचे फोटो, सकाळचे गुलाब,
"गाडी तावडे हॉटेलला आली", "गाडी कागलात पंक्चर".
पंच्याण्णव.
एका टक्क्याचं मी बिल लावत नाही.

मग एकेक खिडकी मिटत गेले.
पुण्याचा सप्लायर. काही नाही.
सांगलीची लॅब. काही नाही.
शेवटची, सगळ्यांच्या तळाशी,
निपाणीच्या हुक्केरी पंपवाल्यांची.
मिटली, आणि पंख्यानं श्वास सोडला.
चार टक्के.

"ती खिडकी मिटायची न्हाई."
चौगुले खुर्चीतून उठलेच.

परत उघडली. शहाण्णव.

एकच ओळ होती तिच्यात, तीन दिवाळ्यांपूर्वीची,
"पेमेंट उद्या नक्की."
ओळीच्या शेवटी वाटाण्याएवढा पिवळा चेहरा
डोळा मारत होता.
मिटतोय, उघडतोय, मिटतोय.
तीन वर्षं, सोमवारची सुट्टी सोडून,
त्या एका पापणीसाठी
अख्खा पडदा पुसून पुन्हा रंगवत होतं मशीन.

"एक लाख चाळीस हजार हाईत," चौगुले म्हणाले.
"खिडकी मिटली की मी इसरणार.
आन मी इसरलो की त्यो जिंकला."

यावर माझ्याकडे इलाज नव्हता.
सेटिंगमध्ये खोल, कुणी जात नाही अशा पानावर
एक चौकट सापडली: चित्रं हलू द्यायची का?
तिच्यातली खूण काढली.
चेहरा थबकला, नेमका अर्ध्यात,
एक डोळा मिटलेला.
मला वाटलं, आता जरा लाजल्यागत दिसतोय.
चौगुल्यांना तसं वाटलं नाही.

तीन टक्के.

खोली एवढी गप्प झाली की
ते वाकून कॅबिनेटला हात लावून बघायला लागले,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
"बंद पडलं न्हवं?"
"नाही. निवांत आहे."

माझे साडेतीनशे त्यांनी तिथंच दिले,
दोनदा मोजून, सुटे.

मी चप्पल घालतेय तोवर
हिशेबाच्या मालनताई डबा घेऊन आत गेल्या.
रोज अकराला त्या तो कॅबिनेटवर ठेवतात,
दीडला भाकरी-आमटी ऊन.
डबा टेकवला. तळवा टेकवला.
पुन्हा डबा उचलला.
"काय केलंस गं हे," म्हणाल्या,
"आता आमटी कुठं ठेवू?"