कुंडीखालची किल्ली

क्रान्यच्या वाचनालयात दर मंगळवारी
निवृत्त माणसांना मी संशय शिकवते.
आधी बँकेत होते, बावीस वर्षांपूर्वी;
तिथे चोर दिसायचे ते आकड्यांत.
इथे समोर बसतात लुबाडलेली माणसं.
लुडविक, गळ्याचा मफलर न सोडता, पहिल्या बाकावर.
स्वतःच्या शवपेटीसाठी साठवलेले पैसे
त्यानं फोनवरच्या एका गोड आवाजाला दिले,
आणि अजून म्हणतो,
"पोरगी बोलायला चांगली होती हो."

मी फळ्यावर लिहिते: घाई करतो तो चोर.
लिहिते: नातवाचं नाव हा पासवर्ड नव्हे.
श्तेफ्काबाई सगळं वहीत उतरवून घेतात
आणि खाली, त्याच पानावर,
स्वतःचा पासवर्ड.

घरी आमच्या दाराची किल्ली
जिरेनियमच्या कुंडीखाली.
अख्ख्या गल्लीला ठाऊक.
नवरा म्हणतो, दाखवू का तुझ्या वर्गाला एकदा?
दाखव, म्हणते.
शेजारच्या मिलेनाला आमचं लोणी लागतं अधूनमधून.

मार्चमध्ये बाबा गेले.
तिसऱ्या दिवशी फोनवर एक ओळ:
पार्सल अडकलंय, एक युरो ऐंशी सेंट भरा.
कबरीसाठी मेणबत्त्या मागवल्या होत्या मी.
भरले.
कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं.
जी चूक शेकडो वेळा पडद्यावर मोठी करून दाखवली
तीच, चष्मा न लावता,
स्वयंपाकघरात उभ्या उभ्या.

मंगळवारी वर्गात सांगून टाकलं.
कुणी हसलं नाही.
श्तेफ्काबाईंनी विचारलं, "हे लिहून घ्यायचं का?"
लुडविकनं पहिल्यांदाच मफलर सोडला,
पिशवीतून नासपतीच्या दारूची छोटी बाटली काढली
आणि माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

बाबांच्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या आता माझ्याकडे.
विद्यापीठातली तरणी पोरं विचारतात,
दाराशी पहारा देणाऱ्या माश्या
म्हणजे फायरवॉलच ना, मॅडम?
नाही रे.
माश्या म्हणजे माश्या. डसतात.

आमच्याकडे जुनी रीत आहे:
धनी गेला की पेटीवर टकटक करून
माश्यांना सांगायचं.
त्या धांदलीत राहूनच गेलं होतं.
त्याच मंगळवारी, अंधार पडता पडता गेले,
थंड लाकडावर बोटांची पेरं आपटली,
सांगितलं. पेटीमागून पेटी, अकरा वेळा,
सातव्या पेटीला आवाज फुटेना, थांबले, मग पुढे.
तू कोण, कशावरून,
एकीनंही विचारलं नाही.
आत गुणगुण जराशी चढली
आणि उतरली.

परत आले तर कुंडी सरकलेली,
किल्ली नाही.
पोटात धस्स झालं, खोटं कशाला सांगू,
बावीस वर्षांची सवय आहे.
आत दिवा होता, कांदा परतल्याचा वास,
आणि मिलेना विचारत होती,
मीठ कुठं ठेवतेस गं तू?