शेऱ्याचा रकाना

पालक वाटायचा तो अंधारात.
बर्फात रोवलेला खलबत्ता, गार खारं पाणी,
आणि कोपऱ्यात एकच हिरवा दिवा,
कारण हिरवा उजेड पानाला फारसा लागत नाही,
निजलेल्या घरात अनवाणी चालावं तसा.

देठं काढायची. शिरा काढायच्या.
चार पदरी मलमलीतून गाळायचं.
मलमल आईची, चक्का बांधायची,
खरेदीच्या यादीत तिला जागा नाही.
मग यंत्रात गरगर, आणि तळाशी
हिरवा चिखल, चमचाभरही नाही.
पान संपलं, रोप कुठल्या कुठे,
आणि हा अजून उजेड खातोय.

तो जिलेटिनमध्ये कालवून पट्टीवर लिंपते मी,
करंगळीच्या नखाएवढा.
वर दिवा लावला की तो पाणी फोडतो
आणि विजेची एक धार सोडतो,
इतकी बारीक की मुंगी दचकणार नाही.
त्या धारेकडे बघत बसायचा
मला महापे इथे पगार मिळतो.

पाण्यात तणनाशक असेल तर
त्याचा कण पानाच्या एका खाचेत जाऊन बसतो,
जिथे दुसऱ्याच कुणाची जागा असते,
आणि उठत नाही.
धार खचते. आकडा खाली येतो.
एवढंच आमचं शास्त्र, बाकी सगळं धुणं-पुसणं.

दर मंगळवारी दिवाळ्याहून मोरेश्वर नाखवा येतो.
सरबताच्या बाटल्यांत खाडी भरून आणतो.
झाकणांवर नातीच्या अक्षरात:
पुलाखाली, ओहोटी. नाल्याचं तोंड, भरती.
खुर्चीत बसत नाही, कपडे ओले म्हणून.
मी आकडा वाचला की हसतो.
“निवट्या गेल्या त्याला धा वरसा झाली, बाय.
तुजी पट्टी आता बोलाला लागली?”

या मंगळवारी पट्टी भलतंच बोलली.
शुद्ध पाणी घातलं होतं, काचेच्या नळीतून थेंब थेंब उतरलेलं,
तरी साठच्या जागी अडतीस.
तार बदलली. दिवा बदलला.
खारं पाणी नव्याने केलं. एकोणचाळीस.
नाखवा दारात उभा, बाटल्या तशाच बंद.

मग आठवलं, जुडी नेहमीच्या बाईची नव्हती.
ती नणंदेच्या बाळंतपणाला गेलेली,
म्हणून घणसोलीच्या टॉवरांखालून घेतली होती,
जिथे डोक्यावर तारा दिवसभर गुणगुणतात.

संध्याकाळी गेले तिथे.
रामसुरतचे वाफे, कडेने नाला,
नाल्यात पंप, पंपाला निळा पाइप.
बांधावरचं गवत जळून तांबूस,
त्यात उपडा पडलेला फवाऱ्याचा डबा.
आणि पालक? हाताएवढी पानं, तकतकीत.
डोळ्यांना काही म्हणजे काही दिसू नये.
त्याने पैसे घेतले नाहीत.
“दीदी, हमहूँ तो इहे खात हैं,” म्हणाला,
आणि झोपडीतली कढई दाखवली.

देवस्थळी सर म्हणतात, पालक बदला.
नमुना खाडीचा, पालकाचा नव्हे.
बरोबर आहे.
तराजूच आजारी असेल तर माल मोजत नाहीत,
तराजू बदलतात.
नोंदवहीत त्या दिवसाला आडवी रेघ मारायची
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: साहित्य सदोष.

रेघ मारली. शेरा राहिलाय.

रात्री दिवे घालवून
जुडीतलं एक पान निळ्या बॅटरीखाली धरलं.
न पचलेला उजेड पान लाल करून परत टाकतं.
लाल दिसलं.
मग कुंडीतली तुळस धरली. तीही लाल,
थोडी कमी, की मलाच तसं वाटलं,
डोळ्यांनी ते मोजता येत नाही.

आईने दिवा लावला.
“अंधारात काय करतेस? किती तजेलदार जुडी गं.
तीन पाण्यांनी धुऊन घेते.”
नळ सोडला तिने.
मी नळाकडे बघत राहिले.