येसराचा रस्सा

खाजाभाई पिशवीत रस्सा ओततो,
वर चार बोटं हवा ठेवतो,
पीळ देतो, रबराचे तीन वेढे घालतो
आणि म्हणतो, “गाडी पलटी होईल साहेब,
गाठ सुटायची नाही.”

मागच्या पोळ्याच्या करीलाही हेच म्हणाला होता.
गिरवलीच्या गतिरोधकावर
अर्धा किलो मटण सीटखाली गेलं, हाडकांसकट.
लिंबू झालं, सोडा झाला, कापूर झाला,
वॉशिंगवाल्यानं दोनदा पैसे घेतले,
पण ऊन चढलं की गाडी येसराची आठवण काढायची.
मेहुण्याची नवरी त्याच गाडीतून आणली.
उतरताना तिनं एवढंच विचारलं,
“स्वयंपाक गाडीतच करता का?”

तेव्हापासून मी बरंच करून बघितलं.
पिशवी हेल्मेटात ठेवली, हेल्मेट गडगडलं.
गिअरला टांगली,
तिसऱ्यात टाकताना फुटता फुटता राहिली.
प्रांजलच्या मांडीवर दिली,
ती मोबाईल बघत बसली.

आज अंबाजोगाईतून निघताना कालिंदा म्हणाली, आणा इकडं.
टॉवेल पिळून गोल चुंबळ केली,
मांडीवर चुंबळ, चुंबळीवर पातेलं, पातेल्यात पिशवी,
आणि हात मात्र बाजूला.
धरायचं नाही म्हणे. धरलं की सांडतं.
तिसरीत होती तेव्हापासून डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी,
हिरीवरून येताना एका ठिकाणी
बाभळीखालून वाकून निघावं लागायचं.
“पाण्याकडं ध्यानच द्यायचं नाही.
ध्यान दिलं की त्याला कळतं.”

अशी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती.
दुसरा, तिसरा, परत दुसरा.
खड्डा दिसला की लांबूनच रामराम.
राखेचे टिप्पर हॉर्न देत गेले,
उसाचा ट्रॅक्टरसुद्धा पुढं गेला,
त्याच्यावर बसलेल्या पोरानं वळून बघितलं,
गाडीत आजारी कोण आहे म्हणून.
कन्हेरवाडीच्या घाटात वळणाला मी श्वास धरला.
रस्सा पिशवीत एका अंगावर झाला,
थांबला,
परत जागेवर आला,
झोपेतलं लेकरू कूस बदलतं तसा.

खाली परळी दिसायला लागली,
थर्मलच्या चिमण्या, त्यांचे लाल दिवे.
मला वाटलं, आता म्हणेल, बरी चालवली आज.
ती काचेबाहेर बघत म्हणाली,
“प्रांजलच्या वेळी नववा लागला होता मला.
तपासणी करून ह्याच घाटानं आलो आपण.
तुम्हाला मॅच गाठायची होती.
मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते.”

आवाजात राग नव्हता.
भाकरीवरचा कागद सुटला होता, तो तिनं खोचला.
मागं प्रांजलनं कानातली वायर काढली,
थोडा वेळ हातात ठेवली,
परत घातली.

घरी आलो. एक थेंब नाही.
गाठ नखानं निघेना, दातानं निघेना,
शेवटी इळीवर पिशवी कापली.
रस्सा पार गार.
पंचवीस किलोमीटरला सव्वा तास लागला होता.
कालिंदा म्हणाली, पायाला मुंग्या आल्यात,
मी जरा टेकते, तुम्ही तेवढा गरम करा.

मी गॅसपुढं पळी घेऊन उभा राहिलो.
कुणाकुणाची होती ती मॅच?
दिवस आठवला, अंगातला शर्ट आठवला,
टीव्हीचा आवाज मोठा करताना
ती उंबऱ्याशी चप्पल काढत होती, भिंतीला धरून,
तेही आठवलं.
जिंकलं कोण, ते काही केल्या आठवेना.

कडेनं बुडबुडे आले,
तवंग फाटला,
मी तिकडंच बघत होतो, डोळे उघडे ठेवून,
आणि रस्सा फसकन उतू गेला.